महामारीचे धडे आणि विद्यार्थ्यांची उद्यमशीलता

(विद्यालयाच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



हैदराबादसारख्या बहुभाषिक नगरात मराठी माध्यमाच्या विद्यालयाने साठ वर्षे पूर्ण करावीत, ही गोष्ट सहज घडणारी नव्हे. या साठ वर्षांत येथून बाहेर पडलेले विद्यार्थी वैद्यक, अभियांत्रिकी, व्यापार, अध्यापन अशा अनेक क्षेत्रांत स्थिरावले. आज त्यांची मुले महाविद्यालयांच्या उंबरठ्यावर उभी आहेत आणि त्या मुलांच्या कानांवर एक शब्द सतत पडतो आहे : स्टार्टअप. विद्यापीठांतून परिसंवाद भरतात, स्पर्धा होतात, पारितोषिके वाटली जातात. महामारीने काय शिकवले, आरोग्यसेवेत नवे काय घडते आहे आणि विद्यार्थ्याने उद्योजक कसे व्हावे, हे तिन्ही विषय बहुधा एकाच फलकावर एकत्र लिहिलेले असतात. सभागृहातील विद्यार्थी भारावून जातो. घरी पालकांच्या मनात मात्र एक साधा, जुना प्रश्न असतो : मुलाने हे धाडस करावे, की सरळ नोकरी धरावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी महामारीने खरोखर काय शिकवले ते नीट पाहिले पाहिजे. प्रचलित कथा अशी आहे की, संकट आले, काही बुद्धिमान तरुण पुढे सरसावले आणि त्यांनी थोड्या दिवसांत अशक्य ते शक्य करून दाखवले. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. अपुऱ्या कथेवर विसंबून मुलाचे आयुष्य बेतणे धोक्याचे असते. म्हणून त्या काळातील एक-दोन उदाहरणे जरा जवळून पाहणे योग्य ठरेल.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा व्हेंटिलेटरांची टंचाई हे मोठे भय होते. परदेशी यंत्रे महाग होती आणि मागणी सगळ्या जगातून एकदमच आल्याने ती मिळेनाशी झाली होती. कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर निखिल कुरेले आणि हर्षित राठौर यांची नोका रोबोटिक्स ही छोटी कंपनी त्या वेळी सोलर पॅनेल पाण्याविना स्वच्छ करणारे यंत्रमानव बनवीत असे. वैद्यकीय उपकरणांचा तिला अनुभव नव्हता. तरीही पुण्यातील आपल्या कार्यशाळेत या कंपनीच्या विशीतल्या अभियंत्यांनी व्हेंटिलेटर बनवण्याचे काम हाती घेतले आणि सुमारे ९० दिवसांत ते उत्पादनाच्या टप्प्यापर्यंत नेले. त्या यंत्राच्या उत्पादनासाठी ज्या संस्थेशी करार झाला, ती भारत डायनॅमिक्स याच हैदराबादेतील. क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या कारखान्याने श्वास देणाऱ्या यंत्राची जबाबदारी घ्यावी, हे या नगराच्या नव्या इतिहासातील एक लक्षणीय पान आहे.

आता या ९० दिवसांच्या आत डोकावून पाहावे. मोटर, सेन्सर आणि त्यांचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल ही त्या तरुणांची विद्या होती. ती त्यांनी सोलर पॅनेलवर वर्षानुवर्षे घासून घेतली होती. श्वास म्हणजे काय, हे मात्र त्यांना डॉक्टरांकडून शिकावे लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, व्हेंटिलेटर म्हणजे हवा आत ढकलणारा भाता. प्रत्यक्षात प्रत्येक रुग्णाचे फुप्फुस निराळे असते. दाब थोडा अधिक झाला तर नाजूक वायुकोशांना इजा होते. श्वास सोडल्यानंतरही आत किंचित दाब राखावा लागतो, नाहीतर ते कोश मिटून जातात. रुग्ण स्वतः श्वास घेण्याचा प्रयत्न करू लागला तर यंत्राने ते ओळखून त्याच्या पाठीशी राहायचे असते, त्याच्याशी झगडायचे नसते. नळी निसटली, ऑक्सिजन कमी पडला किंवा वीज गेली, तर यंत्राने तत्काळ ओरडून सांगितले पाहिजे. हे सारे कृत्रिम फुप्फुसावर पुन्हा पुन्हा तपासून पाहावे लागते.

ही विद्या त्या तरुणांपर्यंत पोहोचवणारी माणसे आधीपासून एकत्र होती. कानपूर आयआयटीच्या उद्योग-संवर्धन केंद्राने प्राध्यापक, उद्योजक, डॉक्टर, खरेदी आणि उत्पादनाचे जाणकार अशा अनुभवी मंडळींचा एक गट उभा केला. जीवशास्त्राचे प्राध्यापक अमिताभ बंद्योपाध्याय आणि उद्योजक श्रीकांत शास्त्री हे त्या गटाचे सूत्रधार. टाळेबंदीत सर्वजण आपापल्या घरी अडकलेले. तरी दूरदृश्य बैठकांतून रोज हिशोब होई की, काल काय अडले आणि आज कोणी ते सोडवायचे. पुढे या दोघांनी ‘द व्हेंटिलेटर प्रोजेक्ट’ हे पुस्तक लिहून या प्रयत्नाची हकीकत नोंदवून ठेवली. ९० दिवस हा आकडा खरा आहे. पण त्या ९० दिवसांच्या मागे एका संस्थेने अनेक वर्षे जपलेले माणसांचे संबंध उभे होते. ते नसते, तर तेच तरुण, तेवढीच बुद्धी आणि तेवढीच तळमळ असूनही, यंत्र कदाचित कार्यशाळेबाहेर पडले नसते.

पुण्यातीलच मायलॅब या कंपनीचे उदाहरण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते. करोना विषाणूची चाचणी करणाऱ्या पहिल्या भारतीय संचाला २३ मार्च २०२० रोजी मान्यता मिळाली, तो या कंपनीचा. एरवी तीन-चार महिने घेणारे काम तेथील संशोधकांनी सहा आठवड्यांत पुरे केले. संशोधन विभागाच्या प्रमुख, विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले, या त्या काळात गरोदर होत्या. १८ मार्चला संच तपासणीसाठी पाठवून त्या रुग्णालयात दाखल झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कन्यारत्न झाले. ही हकीकत वृत्तपत्रांनी कौतुकाने छापली, आणि ते कौतुक योग्यच होते. परंतु ही कंपनी एचआयव्ही, कावीळ ब आणि कावीळ क यांच्या चाचणीचे संच आधीपासून बनवीत होती, हे वाक्य त्याच बातम्यांत खाली कोठेतरी असे. सहा आठवड्यांचे रहस्य त्या वाक्यात आहे.

महामारीचा हा धडा नवा नाही. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी, १९७१ साली, लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरील बनगाव येथील छावण्यांत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते आणि ते लावू शकणारी माणसेही मोजकीच होती. बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून ते रुग्णांना तोंडाने पाजावे, आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या आयाबहिणींनीच करावे. पटकीच्या अशा साथीत एरवी शंभरांतले वीस-तीस रुग्ण दगावत. तेथे ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या जलसंजीवनीची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या ठरू शकणाऱ्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

या कथेत नवे यंत्र नाही, नवे औषधही नाही. ग्लुकोजच्या संगतीने आतड्यात मीठ आणि पाणी शोषले जाते, हे शास्त्र आधीच्या दशकात सिद्ध झाले होते. ढाका आणि कोलकाता येथील डॉक्टरांनी रुग्णालयात त्याचे प्रयोगही केले होते. बनगावात नवे होते ते एवढेच की, प्रशिक्षित माणूस नसलेल्या ठिकाणी उपचार कोणाच्या हाती सोपवता येईल, हा प्रश्न विचारला गेला. आरोग्यसेवेतील नवसंशोधन पुष्कळदा अशा प्रश्नातून जन्मते. विद्यार्थ्यांना यंत्रे बनवायला शिकवणे सोपे आहे. हा प्रश्न विचारायला शिकवणे अवघड आहे.

या नगराशी जोडलेली आणखी एक जुनी हकीकत येथे आठवणे उचित होईल. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्टला येथे सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी हाफकिन यांच्या लसीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मृत्यू पावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. बाटली गावात उघडली जाताना तिच्यात जंतू शिरले असावेत, प्रयोगशाळेत नव्हे, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. त्यांच्या बाजूने ज्यांनी जाहीरपणे लेखणी उचलली, त्यांत सिकंदराबादेचे रॉस अग्रभागी होते.

मुलकोवालच्या दुर्घटनेत तरुण उद्योजकांसाठी दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, आरोग्याच्या क्षेत्रात चुकीची किंमत चुकणारा देत नाही, रुग्ण देतो. भ्रमणध्वनीवरील खेळात दोष राहिला तर तो पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो. लसीत किंवा श्वासयंत्रात ही सोय नाही. दुसरी अशी की, प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या दंडापर्यंतच्या साखळीतील शेवटचा दुवाही निर्मात्याच्याच विचारात असावा लागतो. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार उपकरणांचे धोक्याच्या प्रमाणात चार वर्ग केलेले आहेत, आणि जितका धोका अधिक तितकी तपासणी कडक. तरुणांना ही कागदपत्रे अनेकदा जाच वाटतात. मुलकोवालची १९ माणसे हे त्या जाचाचे उत्तर आहे.

शेवटच्या दुव्याची आठवण दुसऱ्या लाटेनेही करून दिली. २०२१ मध्ये देशातील अनेक जिल्हा रुग्णालयांत व्हेंटिलेटर पोहोचले होते, पण काही ठिकाणी ते खोक्यांतच राहिले. कोठे चालवणारे प्रशिक्षित हात नव्हते, कोठे ऑक्सिजनचा पुरेसा दाब नव्हता, कोठे जोडणीचा एक लहानसा भाग नव्हता. याउलट महाराष्ट्रातील नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्यात, पहिल्या लाटेच्या काळातच, सप्टेंबर २०२० मध्ये, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभा राहिला होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकाचे पदवीधर. पुढची लाट येईल असे धरून त्यांनी तयारी वाढवत नेली, आणि मोठमोठी शहरे ऑक्सिजनसाठी तळमळत असताना त्या दुर्गम जिल्ह्याची निकड पुष्कळ अंशी भागली. ते तंत्र जुनेच होते. नवी होती ती वेळेआधी केलेली तयारी.

या अनुभवांच्या प्रकाशात विद्यापीठांतील आजच्या उपक्रमांकडे पाहावे. स्पर्धेचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन दिवस आणि एक रात्र जागून विद्यार्थी एक कल्पना मांडतात, पडद्यावर आकर्षक आलेख येतात, धनादेशाची मोठी प्रतिकृती हातात घेऊन छायाचित्र निघते, आणि सोमवारपासून सर्वजण पुन्हा परीक्षेच्या अभ्यासाला लागतात. अशा स्पर्धांना काहीच अर्थ नाही असे नव्हे. त्यांतून धीटपणा येतो, ओळखी होतात. परंतु त्या सभागृहात परिचारिका बसलेली असते का, आशा कार्यकर्ती असते का, ज्याच्यासाठी उपकरण बनवायचे तो रुग्ण असतो का, हे पाहिले की त्या उपक्रमाचे खरे वजन कळते.

चांगली उदाहरणे आपल्या देशात आहेत. मुंबई आयआयटीत २०१४ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या साहाय्याने ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. तेथे डॉक्टर, अभियंते आणि रचनाकार एकत्र बसतात, आणि कामाचा आरंभ रुग्णालयातील अडचणीपासून होतो. महामारीच्या काळात मुंबई आयआयटीतील तरुणांचा एक डिजिटल स्टेथोस्कोप उपयोगी पडला. छातीतील आवाज दूरवरून ऐकता येत असल्याने डॉक्टरला रुग्णाच्या अगदी निकट जावे लागत नसे. त्याचे काम करोनाच्या आधीपासून चालू होते. गरज आली तेव्हा वस्तू तयार होती, कारण गरज येण्याआधी कोणीतरी वॉर्डात उभे राहून कान देऊन ऐकले होते.

पैशाची बाजूही पूर्वीइतकी अंधारी राहिलेली नाही. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये स्थापन केलेली ‘बायरॅक’ ही संस्था आरंभीच्या कल्पनेला, ती सिद्ध करून पाहण्यासाठी, १८ महिन्यांच्या मुदतीत ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. शाळांसाठी सहावी ते बारावीच्या वर्गांना उपयोगी पडणाऱ्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आहे. या नगरात आयआयटी आहे, टी-हब आहे, औषधे आणि लसी बनवणारे कारखाने आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत वेगळा केलेला विषाणू येथे आणून कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली, हे सर्वांना स्मरत असेल. साधनांची वाण आहे, असे म्हणण्याची सोय हैदराबादच्या विद्यार्थ्याला उरलेली नाही.

तरीही पालकांना सावध करणे आवश्यक आहे. महामारीत मुखपट्ट्या, जंतुनाशके, संरक्षक पोशाख बनवणारे असंख्य छोटे उद्योग उभे राहिले. साथ ओसरली तशी मागणीही ओसरली, आणि ज्यांनी केवळ त्या लाटेवर कर्ज काढले होते ते अडचणीत आले. आरोग्य-उपकरणाचा प्रवास लांबचा असतो : कल्पना, नमुना, चाचणी, परवाना, मग रुग्णालयाची खरेदी, आणि त्यानंतर उशिराने येणारे पैसे. यास काही वर्षे सहज लागतात. म्हणून पदवी अर्धवट सोडून, घर गहाण ठेवून या मार्गाला लागू नये. मुलाने शिक्षण पुरे करावे, एक विद्या खोलवर शिकावी, आणि मग एक-दोन वर्षे मागितली तर पालकांनी ती मोकळ्या मनाने द्यावीत. त्या काळात हिशोबाची वही मात्र रोज लिहिली जावी. दोन वर्षांनी यश आले नाही, तर ती वर्षे वाया गेली असे घरात कोणी म्हणू नये. ज्याने रुग्णालयात सहा महिने उभे राहून एक प्रश्न समजून घेतला, त्याला पुढे कोणत्याही नोकरीत ती शिदोरी पुरते.

या कामात माजी विद्यार्थ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. कानपूरच्या तरुणांना जे मिळाले ते पैशाहून मोलाचे होते : अनुभवी माणसांचा वेळ. या विद्यालयाच्या साठ वर्षांच्या पटावर डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, सनदी लेखापाल आहेत, लहान कारखाने चालवणारे आहेत. डॉक्टरांनी महाविद्यालयीन मुलांना, रुग्णांची मर्यादा राखून, वॉर्डातील काम पाहण्याची मुभा द्यावी. कारखानदारांनी आठवड्यातून एक दुपार लेथ आणि कारागीर उपलब्ध करून द्यावा. लेखापालांनी परवान्याचे आणि कराचे कागद कसे वाचावेत ते शिकवावे. परिचारिकांनी कोणते यंत्र हातात धरवत नाही, कोणता गजर रात्री ऐकू येत नाही, ते सांगावे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने अशा वीस-पंचवीस माणसांची नावे आणि त्यांनी देऊ केलेले तास एका वहीत लिहिले गेले, तरी या समारंभाचे चीज होईल. पुढचे संकट येईल तेव्हा ती वही उघडता येईल.

अखेरीस भाषेविषयी एक गोष्ट. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंग्रजी परिसंवादात संकोच वाटतो, ही पालकांची जुनी चिंता आहे. ती अगदीच निराधार नाही. इंग्रजी त्याला शिकावीच लागेल. पण या विद्यालयातील मूल घरी मराठी बोलते, बाजारात तेलुगू आणि दखनी ऐकते, पुस्तकांत हिंदी आणि इंग्रजी वाचते. रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेली म्हातारी आपले दुखणे इंग्रजीत सांगत नाही. ‘छातीत धडधडतं’, ‘जीव घाबरा होतो’, ‘पायात मुंग्या येतात’ यांतील प्रत्येक शब्दामागे निराळी तक्रार असते, आणि ती ओळखायला कान तयार असावा लागतो. बनगावच्या छावणीत मीठ-साखरेचे पाणी आईने बाळाला पाजले, कारण कोणीतरी ते तिला तिच्या भाषेत समजावून सांगितले. चार भाषांत विचारपूस करू शकणारा विद्यार्थी आरोग्याच्या क्षेत्रात मागे पडलेला नसतो.

तेव्हा मुलाने धाडस करावे की नोकरी धरावी, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. त्याच्या हाती एखादी पक्की विद्या आहे का, त्याने कोणाचे दुखणे जवळून पाहिले आहे का, आणि त्याच्या पाठीशी उभी राहतील अशी माणसे आहेत का, हे तीन प्रश्न पालकांनी आधी विचारावेत. पहिल्याचे उत्तर विद्यार्थ्याने द्यायचे आहे. दुसऱ्यासाठी त्याला सभागृहातून उठून रुग्णालयात जावे लागेल. तिसऱ्याचे उत्तर आज या मंडपात बसलेल्या मंडळींच्या हाती आहे.